प्रकाशाचा सांधेवाला

मागच्या वर्षीच्या पाडव्याची गोष्ट. स्नाने आटोपून घरची मंडळी फराळाला बसली होती. चकल्या साधल्या होत्या आणि अनारसे नेहमीप्रमाणे हसले होते. आमच्या ताईचा मुलगा आजोबांना नमस्कार करायला म्हणून मुद्दाम आला होता. तो एका दूरसंचार कंपनीच्या नियंत्रणकक्षात नोकरीला आहे. तिथे रात्रंदिवस पाळ्या असतात, त्यामुळे सणावारी त्याचे दर्शन दुर्लभ. चकलीचा पहिला तुकडा त्याने मोडला न मोडला तोच त्याचा फोन वाजला. दोन ओळी वाचून त्याने फोन पालथा ठेवला आणि पुन्हा चकली हातात घेतली.

"काय रे, जावं लागणार का?" ताईने धास्तावून विचारले.

"नाही गं आई. कुठं तरी रस्ता खणताना केबल तोडलीय. पण प्रकाश दुसऱ्या वाटेनं वळलासुद्धा. कळवायचं म्हणून कळवलंय."

आमचे अण्णा, म्हणजे माझे वडील, ८२ वर्षांचे आहेत. त्यांना हाका मारून ऐकू येत नाही, पण असे काही बोलले गेले की नेमके ऐकू येते. त्यांनी हातातला लाडू ताटलीत ठेवला.

"वळला म्हणजे? कुणी वळवला?"

"कुणी नाही, आजोबा. सॉफ्टवेअरनं."

"ते राहू दे. सांधा कुणी लावला?"

हा प्रश्न अण्णांनीच विचारावा. त्यांची चौतीस वर्षे रेल्वेत गेली. आरंभी ते सांधेवाले होते, पुढे केबिनमध्ये लिव्हरमन झाले. रूळ जिथे दोहोंकडे फुटतात तिथे पोलादी पाती सरकवून गाडीला या मार्गावरून त्या मार्गावर घालतात. त्या जागेला सांधा म्हणतात, आणि तो लावणारा तो सांधेवाला. गाडी केवढीही वेगवान असो, ती कुठे जाणार हे त्या पात्यांवर ठरते. अण्णांच्या लेखी जगातल्या सगळ्या प्रवासांचे मर्म तेवढेच आहे.

शिवाय या प्रश्नामागे आमच्या घरातली एक जुनी सल होती. तीही सांगायला हवी.

दुसरी लाइन नव्हती का?

२००८ च्या जानेवारीत आई रुग्णालयात होती. ताई तेव्हा लंडनला राहत असे. तिला शनिवारचे तिकीट मिळाले होते, आणि डॉक्टरांच्या चेहऱ्यावरून शनिवार लांब दिसत होता. शेजारच्या मुलाचा लॅपटॉप मागून आणला, तो आईच्या पलंगावर ठेवला आणि पडद्यावर ताईची भेट घडवायचे ठरवले. तो दिवस होता ३१ जानेवारी. पलीकडे ताईचा हा मुलगा, तेव्हा दहा वर्षांचा, आजीसाठी काढलेले चित्र हातात धरून उभा होता. आम्हाला दिसले ते नुसते चौकोन. आवाज तुटत तुटत येई आणि चित्र गोठून जाई. शेवटी साध्या फोनवर बोलणे झाले. आईने ताईचा आवाज ऐकला, तोंड पाहिले नाही. शुक्रवारी सकाळी ती गेली.

त्या सुमारास वर्तमानपत्रांत छापून आले, की ३० जानेवारीला इजिप्तमध्ये अलेक्झांड्रियाजवळ समुद्राच्या तळावरच्या दोन केबली तुटल्या आहेत. एकीचे नाव सी-मी-वी ४, दुसरीचे फ्लॅग. दोन्ही मुंबईला लागणाऱ्या आणि भारताला युरोपशी जोडणाऱ्या. इंटरनेटची भारताची पश्चिमेकडची वाट त्यामुळे अतिशय अरुंद झाली होती. बरीचशी वाहतूक पूर्वेकडून, सिंगापूर आणि पॅसिफिक महासागराच्या मार्गाने, पृथ्वीला उलटा वळसा घालून न्यावी लागली. जहाजे जाऊन दुरुस्ती व्हायला आठवड्याहून अधिक काळ लागला.

आमच्या त्या भेटीचे नेमके काय बिघडले, ते कोणी सांगावे? पण अण्णांनी बातमी वाचली, चष्मा काढला आणि एवढेच विचारले, "दुसरी लाइन नव्हती का?"

मी मराठी शिकवते. माझ्यापाशी उत्तर नव्हते. ते मिळायला पुढे पुष्कळ वर्षे जावी लागली, आणि ते दिले त्या चित्र धरून उभ्या राहिलेल्या मुलाने. "त्या दिवसामुळेच तू या धंद्यात पडलास का रे?" असे मी त्याला एकदा भाबडेपणाने विचारले होते. तो हसून म्हणाला, "मावशी, तसं काही नाही. कॉलेजात मुलाखती झाल्या, त्यात ही नोकरी मिळाली."

न दिसणारा प्रकाश

आधी या प्रकाशाची ओळख करून घेऊ. दिवाळीच्या अंकात प्रकाशावर लिहायचे आणि तो दिसतच नाही असे सांगायचे, हे जरा चमत्कारिकच. पण दूरच्या केबलींमधून धावणारा प्रकाश इंद्रधनुष्याच्या तांबड्या कडेपलीकडचा असतो. डोळ्यांना तो दिसत नाही, मात्र डोळ्यांना इजा करू शकतो. तो वाहतो केसाएवढ्या जाडीच्या काचेच्या तंतूतून, आणि त्यातही मधल्या गाभ्यातून. या गाभ्याची रुंदी मिलिमीटरच्या शंभराव्या हिश्श्याच्या आतबाहेर असते.

काचतंतूतून प्रकाश वळणे घेत जातो, हे सिद्ध करणाऱ्यांत आपल्या पंजाबातल्या मोगा गावी जन्मलेले नरिंदरसिंग कपानी होते. १९५४ साली त्यांनी आणि लंडनमधील त्यांचे मार्गदर्शक हॅरल्ड हॉपकिन्स यांनी काचतंतूंच्या जुडग्यातून चित्र पलीकडे नेऊन दाखवले. पण ते अंतर हातभर. मैलोगणती जायचे तर काचेतली अशुद्धी वाटेत प्रकाश गिळून टाकी. १९६६ साली चार्ल्स काओ यांनी इंग्लंडमध्ये हिशेब मांडला, की काच पुरेशी शुद्ध केली तर हे साधेल. एक किलोमीटर गेल्यावर प्रकाशाचा शंभरावा हिस्सा जरी उरला तरी पुरे, एवढीच त्यांची अपेक्षा होती. १९७० साली अमेरिकेतल्या कॉर्निंग कंपनीत ती मर्यादा ओलांडली गेली. काओ यांना २००९ साली नोबेल पारितोषिक मिळाले. आजच्या काचेत तोच शंभरावा हिस्सा एक नव्हे, शंभर किलोमीटर गेल्यावर उरतो.

पुढच्या वाटेसाठी त्याला पुन्हा बळ द्यावे लागते. १९८७ साली इंग्लंडमधील साउदॅम्प्टन विद्यापीठात डेव्हिड पेन यांच्या गटाने एर्बियम नावाचे मूलद्रव्य मिसळलेला काचतंतू वापरून प्रकाशाचे प्रकाशातच वर्धन करून दाखवले. विझत आलेली ज्योत वातीला हात न लावता मोठी करावी, तसे. आणि हा वर्धक एकाच वेळी अनेक रंगांना बळ देतो. डोळ्यांना न दिसणाऱ्या या प्रकाशातही सूक्ष्म फरकाचे निरनिराळे 'रंग' असतात. एका तंतूतून असे ऐंशीच्या वर रंग एकाच वेळी पाठवता येतात, आणि त्यातला एकेक रंग सेकंदाला शंभर अब्ज 'होय-नाही' सहज वाहून नेतो.

म्हणजे गाडी तयार झाली, रूळही झाले. राहिला तो सांधा.

थ्रू डबा

पूर्वी प्रकाशाला जंक्शन ओलांडता येत नसे. वाटेतल्या मोठ्या केंद्रात तो आला की यंत्रावर पडे, तिथे त्याची वीज होई, ती वाचून कुठे जायचे ते ठरे आणि पुढच्या वाटेवर नवा लेसर लावून पुन्हा प्रकाश निघे. प्रत्येक स्टेशनात सगळ्या उतारूंना बोचक्यांसकट खाली उतरवावे, नावे लिहून घ्यावीत आणि दुसऱ्या गाडीत बसवावे, असा तो प्रकार. ज्यांना तिथेच उतरायचे त्यांचे ठीक, पण पुढे जाणाऱ्यांनाही तीच शिक्षा! त्यात वीज जाई, उष्णता निघे, आणि वेग वाढवायचा ठरला की वाटेवरच्या प्रत्येक स्टेशनातली यंत्रे बदलावी लागत.

जुन्या वाचकांना 'थ्रू डबा' आठवत असेल. जंक्शनवर तो डबा एका गाडीतून सोडवून दुसऱ्या गाडीला जोडत. आतली माणसे झोपलेलीच असत. हादरा बसला तर कूस बदलत. प्रकाशाच्या बाबतीत हेच साधायचे होते. एका तंतूतून आलेल्या ऐंशी रंगांपैकी हा रंग उजवीकडच्या तंतूत, तो डावीकडच्या, हे दोन इथेच उतरवायचे; आणि हे सगळे प्रकाशाची वीज न करता.

त्यासाठी जे यंत्र वापरतात त्याचे तत्त्व शाळेतल्या लोलकासारखे आहे. आत आलेला प्रकाश आधी फाकवून एकेक रंग निराळा करतात. मग प्रत्येक रंग एका छोट्याशा पडद्याच्या आपापल्या पट्टीवर पडतो. या पडद्यात बहुधा द्रवस्फटिक असते, मनगटी घड्याळातले आकडे उमटवते त्याच जातीचे. पट्टीला दिलेला विजेचा दाब बदलला की तिच्यावरून परतणाऱ्या रंगाची दिशा बदलते आणि तो हव्या त्या तंतूत शिरतो. दुसरा प्रकार आरशांचा. सिलिकॉनच्या चकतीवर कोरलेले चिमुकले आरसे विजेच्या ओढीने कलतात आणि एका तंतूतला सगळा प्रकाश दुसऱ्या तंतूत टाकतात. १९९९ साली अमेरिकेतील ल्युसेंट कंपनीने अशा २५६ आरशांचे यंत्र जाहीर केले होते. धंद्यात ते टिकले नाही. कल्पना टिकली.

हे सगळे भाच्याने अण्णांना फराळाच्या ताटांमधल्या जागेत, वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडेवर काढून दाखवले. अण्णा म्हणाले, "म्हणजे यार्ड झालं. आता केबिन दाखव."

केबिनमधला नकाशा

आरसा काही आपल्या बुद्धीने कलत नाही. कुणी तरी त्याला सांगावे लागते. हे सांगण्याची जुनी रीत मोठी खटल्याची होती. प्रत्येक कंपनीच्या यंत्राची भाषा निराळी, त्या भाषेचा जाणकार निराळा. मुंबईहून दिल्लीला एक नवा रंग सोडायचा तर वाटेवरच्या प्रत्येक केंद्रात कामाचे कागद जात, माणसे बसत, आणि आठवडे लोटत.

इंटरनेटवर माहितीची पुडकी पुढे ढकलणारी यंत्रे तरी काय करीत? वाटसरू गावोगाव विचारत जातो, तसा प्रत्येक यंत्राचा व्यवहार शेजाऱ्यापुरता. 'तिकडे जायला तुझ्याकडून वाट आहे का?' असे एकाने दुसऱ्याला पुसायचे. सबंध मुलखाचा नकाशा समोर ठेवून वाटप करणारा कोणी नाही. या रीतीत एक मोठा गुण आहे. एक गाव बुडाले तरी बाकीची आपापसात विचारून मार्ग काढतात. पण एक वाट तुंबलेली आणि शेजारची ओस, असेही होते.

२००८ साली अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठातून निक मॅकेऑन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'ओपनफ्लो' नावाची पद्धत मांडली. तिच्यामागचा विचार सोपा होता. वाहणारे यंत्र वेगळे आणि ठरवणारी बुद्धी वेगळी. यंत्राने मुकाट्याने वाहावे. ठरवावे एका सॉफ्टवेअरने, सगळा नकाशा समोर ठेवून. आमच्या घरच्या भाषेत सांगायचे तर प्रत्येक सांध्यापाशी माणूस उभा करण्याऐवजी एक केबिन बांधली. गूगल कंपनीने आपल्या निरनिराळ्या देशांतल्या संगणककेंद्रांना जोडणाऱ्या जाळ्यात ही रीत आणली आणि २०१३ साली तिचा वृत्तान्त प्रसिद्ध केला. अशा जाळ्यांतल्या वाटा एरवी निम्म्याहूनही कमी भरून चालवत, कारण अडीनडीला जागा हवी. गूगलच्या त्या जाळ्यात त्या सरासरीने सत्तर टक्के भरल्या जाऊ लागल्या. ही कल्पना आधी माहितीच्या पुडक्यांसाठी निघाली आणि मग प्रकाशाच्या सांध्यांपर्यंत पोचली.

आता पाडव्याच्या सकाळी काय झाले ते पाहा. खणणाऱ्या यंत्राचा दात केबलीवर बसला. त्या तंतूतला प्रकाश पलीकडे पोचेना, म्हणून दोन्ही टोकांनी हाकाटी केली. काही महत्त्वाच्या धाग्यांना जोडवाट आधीच राखून ठेवलेली असते. ते डोळ्याचे पाते लवायच्या आत वळले. उरलेल्यांसाठी सॉफ्टवेअरने नकाशा पुढे ओढला.

पहिली पंचाईत जागेची. रंग वाटेत बदलायचा नाही, तर तोच रंग नव्या वाटेच्या प्रत्येक टप्प्यावर मोकळा हवा. मुंबई ते नागपूर एकच बर्थ सबंध प्रवासभर रिकामा असावा, तशी ही अट. दुसरी पंचाईत दमाची. नवी वाट लांबची, तिथवर प्रकाश वाचण्याजोगा पोचेल का? भरभर बोललेले जवळच्याला कळते, लांबच्याशी सावकाश बोलावे लागते. तसा लांबच्या वाटेवर रंगाचा वेग कमी करावा लागतो. तिसरी पंचाईत तोलाची. वर्धक सगळ्या रंगांना मिळून बळ देतो. एकदम चाळीस रंग नाहीसे झाले किंवा येऊन पडले, तर उरलेल्यांच्या वाट्याचे बळ कमीजास्त होते. बैलगाडीतून पुढची माणसे एकदम उतरली की जू वर उडते, तसे. म्हणून रंग बेताबेताने चढवावे लागतात. आरसा क्षणात कलतो, पण ही बेताबेताची चढण मिनिटे घेते.

"म्हणजे तेव्हा, आईच्या वेळी, हे असतं तर भेट झाली असती?" मी विचारले. ताई माझ्याकडे पाहू लागली.

तो जरा थांबला. खोटा दिलासा देणे त्याच्या स्वभावात नाही. "मावशी, सॉफ्टवेअर नवी केबल निर्माण करत नाही. मोकळी वाट असली तर ती लवकर सापडते, एवढंच. तेव्हा त्या बाजूला मुळात वाटा थोड्या होत्या, आणि ज्या होत्या त्या निरनिराळ्या कंपन्यांच्या. दुसरी लाइन होती, आजोबा. अपुरी होती, आणि सांधा लावायला माणसांना फोन करत बसावं लागत होतं."

अण्णांनी मान हलवली. सतरा वर्षांपूर्वीच्या प्रश्नाचे उत्तर त्यांना मिळाले होते. मग त्यांनी दुसरा प्रश्न टाकला, आणि त्या प्रश्नाने मला हा लेख लिहायला लावले.

"सॉफ्टवेअरनं हुकूम दिला. बरं. पण सांधा खरोखर लागला, हे कुणी पाहिलं?"

खडीचा एक दगड

१९७९ च्या श्रावणात, मी पाळण्यात असताना, अण्णा खानदेशातल्या एका जंक्शनवर रात्रपाळीला होते. पाऊस कोसळत होता. मेल यायची होती आणि तिला बाजूच्या मार्गावर घ्यायचे होते. केबिनमध्ये लिव्हरांची रांग असते. काळे लिव्हर सांध्यांचे, निळे कुलपांचे, तांबडे सिग्नलांचे. अण्णांनी काळा लिव्हर ओढला. तो पुरता आला. मग निळा ओढला, तर तो अर्ध्यावर अडला. पाय टेकून जोर केला, तरी जागचा हलेना. निळा बसल्याशिवाय तांबडा सुटत नाही. ती यंत्राचीच रचना असते, त्यात माणसाची मर्जी चालत नाही. बाहेर मेल शिट्ट्या देत उभी. फोनवर स्टेशनमास्तर ओरडतोय. अण्णांनी त्या लिव्हरला वाटेल ते बोलून घेतले, आणि कंदील देऊन सांधेवाल्याला खाली पिटाळले.

सांध्याचे पाते आणि रूळ यांच्यामध्ये खडीचा एक दगड अडकला होता. बोटभर फट राहिली होती. त्या फटीवरून मेल आली असती तर काय झाले असते, हे अण्णांनी आम्हाला कधी सांगितले नाही. एवढेच म्हणत, "लिव्हर पुरता आला होता. हाताला वाटलं, लागला सांधा. हाताला वाटणं निराळं आणि सांधा लागणं निराळं."

हुकूम देणे, हुकूम पाळला गेल्याची खात्री करून घेणे आणि मगच गाडी सोडणे, या तीन निराळ्या गोष्टी आहेत. रेल्वेने हे धडे रक्त सांडून घेतले. इंग्लंडमध्ये जॉन सॅक्सबी याने लिव्हरांना एकमेकांत अडकवणाऱ्या रचनेचे पेटंट १८५६ साली घेतले, त्याला आता दीडशेहून अधिक वर्षे झाली. आणि सॉफ्टवेअरच्या केबिनीलाही हाच धडा नव्याने गिरवावा लागला आहे.

४ ऑक्टोबर २०२१ ची रात्र अनेकांना आठवत असेल. फेसबुक आणि त्याच कंपनीचे व्हॉट्सॲप सुमारे सहा तास जगभर बंद पडले होते. कारण कंपनीने पुढे स्वतःच सांगितले. आपल्या केंद्रांना जोडणाऱ्या जाळ्यात किती जागा आहे हे पाहण्यासाठी नेहमीच्या देखभालीत एक हुकूम दिला गेला, आणि त्याने ते सबंध जाळेच तोडले. असा हुकूम अडवण्यासाठी तपासनीस म्हणून एक सॉफ्टवेअर ठेवलेले होते. त्यातच दोष निघाला आणि त्याने हुकूम जाऊ दिला. जाळे तुटल्यावर दुरून दुरुस्ती करणेही अशक्य झाले. इंजिनिअरांना प्रत्यक्ष केंद्रांवर जावे लागले. केबल एकही तुटली नव्हती, काच एकही फुटली नव्हती. एका केबिनीतून सगळा मुलूख चालतो, तेव्हा एका चुकीच्या लिव्हरने सगळा मुलूख थांबतो. गाव विचारत जाणाऱ्या जुन्या वाटसरूचा गुण अशा वेळी आठवतो.

मात्र या धंद्यातली शहाणी माणसे कुलूप विसरलेली नाहीत. गूगलने २०२२ साली आपल्या आरशांच्या यंत्राची हकीकत प्रसिद्ध केली. त्यात १३६ वाटा जोडणारे आरसे आहेत आणि त्यांच्या साहाय्याने संगणककेंद्रातली जोडणी हवी तशी बदलता येते. पण मला त्यातली एकच गोष्ट विशेष वाटली. संदेश वाहणाऱ्या प्रकाशाबरोबर तिथे एक दुसरा, निराळ्या रंगाचा प्रकाश त्याच आरशांवर सोडतात. त्यावर संदेश नसतो. तो आरशावरून परतून एका कॅमेऱ्यात पडतो. आरसा सांगितला तेवढाच कलला की नाही, ते कॅमेरा पाहतो. न कलला तर दुरुस्त करून घेतो. पावसात कंदील घेऊन खाली गेलेला सांधेवालाच तो!

भाच्याच्या नियंत्रणकक्षातही, तो म्हणाला, नव्या वाटेवर रंग चढवायच्या आधी सॉफ्टवेअर ती वाट जपून तपासते. प्रकाशाचे बळ मोजते, ते पलीकडे पोचले का ते पाहते, आणि मगच रहदारी सोडते.

"आणि मध्येच खडी अडकली तर?" अण्णांनी विचारले.

"तर सोडत नाही, आजोबा. थांबतं आणि आम्हाला बोलावतं. आम्ही चडफडतो त्याच्यावर."

"चडफडा," अण्णा समाधानाने म्हणाले. "आम्ही पण चडफडायचो." आणि त्यांनी लाडू पुन्हा उचलला.

परतीची वाट

दिवेलागणीला भाचा निघाला. अंगणात पणत्या लागल्या होत्या. आईच्या तसबिरीपुढे ताईने निरांजन लावले होते. तसबिरीच्या मागे एक पिवळा पडलेला कागद खोचलेला असतो. लंडनहून ताई येताना बॅगेत घालून आणलेले ते चित्र. घर, झाड, सूर्य आणि पांढऱ्या केसांची एक बाई. दहाव्या वर्षी काढलेल्या चित्रांत असते तेच सगळे. ते उशिरा पोचले, पण पोचले.

पायात बूट घालत असताना त्याचा फोन पुन्हा वाजला. तुटलेली केबल माणसांनी खड्ड्यात बसून, तंतूला तंतू जोडून सांधली होती. सण सोडून काम करणाऱ्या त्या माणसांचा कुठे उल्लेख होत नाही, म्हणून इथे करते. सॉफ्टवेअर वाट वळवते. तुटलेली काच मात्र अजूनही माणसाच्या हातांनीच जुळते.

"म्हणजे आता प्रकाश पुन्हा आपल्या जुन्या वाटेनं?" मी विचारले.

"लगेच नाही, मावशी. आज रात्री दोनच्या पुढे, रहदारी कमी झाली की. आधी नवा जोड तपासून बघायचा. आता जिथून चाललंय तिथून नीट चाललंय, मग सणाच्या दिवशी घाई कशाला?"

अण्णा दारापर्यंत आले होते. त्यांनी नातवाच्या खांद्यावर हात ठेवला आणि केबिनमध्ये पाळी बदलताना पुढच्या माणसाला म्हणत तेच म्हणाले, "बरोबर. आधी कुलूप बघ. मग सिग्नल दे."